निपाने मॅडमचं पाण्याचं रॉकेट

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या बसथांब्यावर रोज सकाळी लाखनीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांत एक ठेंगणी, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई असायची. एका खांद्याला पर्स आणि दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी. पिशवीत रिकाम्या बाटल्या. थंड पेयाच्या, फिनाइलच्या, शाम्पूच्या, शिवाय गोडेतेलाचे चौकोनी डबे. गाडीत चढताना त्या एकमेकींवर आपटून खडखडत आणि कंडक्टर म्हणायचा, "या मॅडम, आज लय माल हाय." कुसुमताई निपाने हसून पिशवी सीटखाली सारायच्या. हायवेवरच्या ढाबेवाल्यांना त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, की बाटल्या फेकू नका, माझ्यासाठी ठेवा. एवढी शिकलेली मास्तरीणबाई कचरा गोळा करते म्हणून सुरुवातीला लोक कुजबुजले, पण कुसुमताईंना त्याची कधी लाज वाटली नाही. लाज त्यांना पुढे वेगळ्याच ठिकाणी भेटली, आणि भेटली ती मग सुटली नाही.

त्या मूळच्या मोहाडीच्या. घर विणकराचं. वडील देवाजी सकाळी मागावर बसले की दुपारी जेवायलाच उठायचे. त्यांनी एकदा लुगड्याच्या काठाला स्वतःच्या डोक्यातून एक नवा नमुना बसवला होता. एका व्यापाऱ्यानं तो उचलला, आणि पुढे कितीतरी वर्षं तो काठ त्या दुकानाच्याच नावानं ओळखला गेला. घरी कुणी पाहुणा आला की देवाजी तो किस्सा सांगायचे, आणि शेवटी दोन्ही हात पुढे धरून म्हणायचे, "हात माहे, नाव त्याचं." लहान कुसुमला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता. बाबा पुन्हा तेच सांगतात म्हणून ती उठून अंगणात जायची.

ती शिकली. भंडाऱ्याला जाऊन बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, आणि लाखनीच्या पुढे हायवेपासून थोडं आत असलेल्या एका गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागली. नवरा सेवकराम वरठीच्या स्टील प्लांटमध्ये कामाला. तो मोटरसायकलनं वरठीला जायचा, ही बसनं लाखनीकडे. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्या सुमारास शाळेनं साहित्याची मागणी पाठवली होती. ती कुठल्या फाइलीत गेली कुणास ठाऊक, साहित्य काही आलं नाही. दोन वर्षं वाट पाहून कुसुमताईंनी बाटल्या जमवायला सुरुवात केली. तेलाच्या डब्याचा तराजू, बाटलीत फुगे बसवून केलेलं फुप्फुस, शाम्पूच्या बाटलीचा पंप. पोरं त्यांच्या तासाला जागेवरून उठून उभी राहायची.

पाण्याचं रॉकेट मात्र काही केल्या जमत नव्हतं. २०१२ सालचा पावसाळा. पुस्तकातलं सोपं दिसायचं: बाटलीत थोडं पाणी भरा, तोंडाला बूच लावा, बुचातून सायकलच्या पंपानं हवा भरा, बाटली उलटी उभी करा. दाब वाढला की पाणी खाली जोरात फेकलं जातं आणि बाटली वर उडते. कुसुमताईंचं बूच कधी तिसऱ्या पंपालाच निसटायचं, कधी निसटायचंच नाही आणि बाजूनं फुस्स करून पाणी गळायचं. आठवीची पोरं एक-दोन-तीन म्हणायची आणि बाटली गुडघाभर उडी मारून आडवी व्हायची. पोरं हसायची. कुसुमताईही हसायच्या, पण शनिवारी शाळा सुटल्यावर एकट्याच मैदानावर बसून बूच तासत राहायच्या.

शाळेचा शिपाई गोमाजी चाचेरे हे सगळं घंटेजवळ उभा राहून पाहत असे. पन्नाशीला आलेला, हाडकुळा, बोलण्यात कंजूष माणूस. शाळेपासून तीन कोसांवर त्याचं गाव, तिथं बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, खाली त्याची दीड एकर धानाची जमीन. गावातले हातपंप आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायला लोक त्यालाच बोलवायचे. एका शनिवारी तो जवळ आला, बूच हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे बुचाचं काम नोहे. बूच आपल्या मनानं सुटते. आपल्याले पायजे तवा सुटाले पायजे."

"मग काय लावायचं?"

"पाहू द्या मले दोन दिवस."

दोन दिवसांचे आठ झाले. नवव्या दिवशी तो पिशवीतून एक वस्तू घेऊन आला. पाण्याच्या नळाचा हातभर पांढरा पाइप, त्यावर फवारणी पंपाचं रबरी वायसर असं घट्ट बसवलेलं की बाटलीचं तोंड त्यावर दाबलं की हवा बाहेर जाणार नाही. पाइपाभोवती वायरिंगवाले बांधतात त्या प्लास्टिकच्या आठ पट्ट्या, त्यांची डोकी बाटलीच्या गळ्याच्या कडेला आकड्यासारखी धरून बसलेली. त्या पट्ट्यांवरून एक कडं सरकवायचं, म्हणजे पट्ट्या जखडल्या जातात. कड्याला दोरी. लांब जाऊन दोरी ओढली की कडं खाली येतं, पट्ट्या उघडतात, बाटली सुटते. खालच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल.

"वायसराले खोबऱ्याचं तेल लावत राह्यजा," तो म्हणाला. "राकेल लागू देऊ नोका. रबर फुगते."

त्या दिवशी रॉकेट शाळेच्या कौलांवरून, पिंपळावरून आणि पलीकडच्या धानाच्या बांधीवरून गेलं. पोरं ओरडत धावली. कुसुमताईंनी टाळ्या वाजवल्या, चष्मा काढून डोळे पुसले, आणि गोमाजीच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू पाहिलं. पंख त्यांनी तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे कापले होते, टोकाला फिनाइलच्या बाटलीचं झाकण लावलं होतं. ती कलाकुसर त्यांची होती. पण उडवलं ते त्याच्या वस्तूनं.

डिसेंबरात लाखनीला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरलं. शिक्षकांनी बनवलेल्या साहित्याचा तिथं वेगळा विभाग असे. मुख्याध्यापक बाबूलाल रहांगडाले म्हणाले, "मॅडम, तुमचं रॉकेट टाका ना जी. आपल्या शाळेचं कधी नाव येत नाही." तक्ता रंगवला गेला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, "निर्मिती: सौ. कुसुम निपाने." ते लिहिताना त्यांच्या मनात आलं होतं, की इथं गोमाजीचंही नाव हवं. पण विभाग शिक्षकांचा होता. शिपायाचं नाव टाकलं तर नोंदच नाकारतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कुणाला विचारलं मात्र नाही. तो तक्ता बसच्या टपावर नीट बांधून गोमाजीनंच लाखनीला आणला.

परीक्षक आले तेव्हा गोमाजी दोन हातांच्या अंतरावर वाकून डब्यातून बाटलीत पाणी ओतत होता. परीक्षकांतल्या एकानं कडं वर-खाली सरकवून पाहिलं आणि तो थक्क झाला.

"मॅडम, हे सोडण्याचं यंत्र कुठून आणलं?"

"आणलं नाही सर. बनवलं."

"कोणी?"

"मी."

एवढंच. एक अक्षर. ते तोंडातून कसं निघालं ते कुसुमताईंना नंतर कितीदा तरी आठवून पाहूनही कळलं नाही. त्या थांबल्या असत्या तर पुढच्याच श्वासाला दुरुस्त करता आलं असतं. "म्हणजे आमच्या गोमाजींनी," एवढं म्हणायचं होतं. पण परीक्षक म्हणाला, "वा! बाईमाणूस असून एवढं काम," आणि बाजूचे शिक्षक वळून पाहायला लागले. त्या पाहण्यात असं काही गोड होतं, की दहा-बारा वर्षं कपाटभर बाटल्या घेऊन शिकवणाऱ्या बाईचा पाय त्यात रुतला. गोमाजीच्या हातातल्या डब्याची धार एकदा तुटली आणि पुन्हा सुरू झाली. त्यानं मान वर केली नाही.

तालुक्यात पहिला नंबर आला. बसमध्ये परतताना गोमाजी मागच्या सीटवर पाइप मांडीवर आडवा धरून बसला होता. कुसुमताई पुढे. त्यांनी ठरवलं, उतरल्यावर बोलू. उतरल्यावर तो म्हणाला, "चाल्लो जी मॅडम, गाय सोडाची हाय." आणि गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या, तेव्हा घंटेजवळून त्यानंही वाजवल्या.

जिल्ह्याचं प्रदर्शन जानेवारीत भंडाऱ्याला होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी घरी कुसुमताईंनी यंत्र स्वच्छ करायला घेतलं. पाइपावर धूळ बसली होती, पट्ट्यांवर शाळेच्या मैदानाची लाल माती. सेवकरामनं मोटरसायकलची साखळी पुसायला ठेवलेलं रॉकेल समोरच होतं. त्यांनी फडकं भिजवलं आणि वरपासून खालपर्यंत सगळं चकाचक पुसलं. वायसरही पुसलं. गोमाजीचं बोलणं त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. हे मात्र खरं होतं. त्या दिवसांतल्या बाकी किती गोष्टींबद्दल त्यांना तसं म्हणता येत नव्हतं.

भंडाऱ्याला फक्त भाग घेणाऱ्या शिक्षकांना आणि मुलांनाच आत सोडत होते, त्यामुळे गोमाजी आलाच नव्हता. मैदानाच्या कडेला मांडव, मांडवात मुलांची मॉडेलं, आणि समोर कुसुमताईंचं रॉकेट. बाटली बसवतानाच जड गेली, पण त्यांना वाटलं, घट्ट बसली, बरंच झालं. एका शिक्षकानं पंप मारला. लोक मोजायला लागले. पंधरा, वीस, पंचवीस. कुसुमताईंनी दोरी ओढली. कडं खाली आलं, पट्ट्या उघडल्या, पण बाटली जागची हलली नाही. फुगलेल्या रबरानं तिचं तोंड आतून आवळून धरलं होतं.

सगळे मागे सरकले. एक वयस्क परीक्षक लांबूनच म्हणाले, "मॅडम, दाब कुठून सोडायचा?"

कुसुमताईंना माहीत नव्हतं. व्हॉलची पिन दाबली की हवा जाते, हे सायकलवाल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. पण ते यंत्र त्यांनी कधी उघडून पाहिलंच नव्हतं. त्या पुढे गेल्या आणि बाटलीला हात घालून हलवायला लागल्या. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिसऱ्यांदा बाटली तिरकी झाली आणि सुटली, ती वर न जाता आडवी, मांडवात. फवारा सोडत ती मॉडेलांच्या रांगेवरून गेली आणि शेवटच्या टेबलाला आपटली. कुणाला लागलं नाही. पण थर्माकोलचं एक धरण, रंगवलेलं, छोट्या दिव्यांचं, भिजून मोडून खाली पडलं. ते बनवणारी सातवीतली मुलगी तुकडे हातात घेऊन रडायला लागली.

परीक्षक आले. "मॅडम, हे तुम्हीच बनवलंय ना? मग हे असं कसं झालं?"

भिजलेल्या पदरानं हात पुसत, शंभर माणसांसमोर, कुसुमताई निपाने म्हणाल्या, "आमच्या शिपायानं जोडणी नीट केली नाही सर. मी त्याला सांगितलं होतं."

समोरच्या परीक्षकानं कागदावर काहीतरी लिहिलं. ते वाक्य परत घेता येण्यासारखं अजून अर्धा मिनिट होतं. मग तो पुढच्या टेबलाकडे गेला.

तो कागद आठवडाभरात शाळेत पोचला. यंत्राच्या जोडणीत हलगर्जी, इतर शाळेच्या साहित्याचं नुकसान, संबंधितास समज द्यावी. रहांगडाले सरांनी गोमाजीला नोटीस काढली आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिली. "तीस वर्षं नोकरी झाली तुझी गोमाजी, आणि शाळेचं नाक कापलं. काय सांगायचंय तुला?"

यंत्र त्या वेळी टेबलावरच पडलं होतं. गोमाजीनं ते उचललं, वायसरावरून अंगठा फिरवला, आणि नाकाशी नेलं. त्यानं वास घेतला. मग एकदा, फक्त एकदा, कुसुमताईंकडे पाहिलं. त्या हजेरीपटात डोकं घालून बसल्या होत्या, पण ते पाहणं त्यांना कपाळावर जाणवलं. त्याला सगळं कळलं होतं. आता तो बोलेल, असं त्यांना वाटलं. आणि त्यांना हेही कळलं, की तो बोलला तर बरं होईल.

"काही नाई सर," गोमाजी म्हणाला. "चुकी झाली." आणि कागदावर तेच लिहून, सही करून, तास संपल्याची घंटा द्यायला गेला.

त्यानंतरचे दिवस कुसुमताईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. ढाब्यावर त्यांच्यासाठी ठेवलेल्या बाटल्या तशाच राहायला लागल्या. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "मॅडम, हात रिकामेच?" तर त्यांना वाटलं याला कळलंय. वर्गात दाबाचा धडा त्यांनी गाळला. गोमाजी पूर्वीसारखाच पाणी आणून ठेवायचा, खडू आणून ठेवायचा, "हो जी, मॅडम" म्हणायचा, आणि त्या प्रत्येक "जी"नं त्यांना चटका बसायचा. एकदा सेवकराम जेवता जेवता म्हणाले, "का झालं तुले? जेवनात लक्ष नाही."

"बाबा आठवून राहिले," त्या म्हणाल्या. हे खोटं नव्हतं. देवाजी दोन्ही हात पुढे धरून त्यांच्या डोळ्यांसमोर दिवसातून दहादा येत होते. ज्या किस्स्याला कंटाळून त्या अंगणात पळायच्या, तो आता त्या पूर्ण ऐकत होत्या, आणि त्यातला व्यापारी जाड भिंगांचा चष्मा लावून बसला होता.

मार्चच्या एका रविवारी सकाळी त्या गोमाजीच्या गावी गेल्या. रिक्षातून उतरून बोडीच्या काठच्या पाळीवरून चालत निघाल्या. खाली उन्हाळी धानाच्या बांध्या हिरव्यागार उभ्या होत्या. गोमाजी पाठीवर पंप घेऊन लांबच्या बांधीत फवारणी करत होता. घरी त्याची बायको रुखमिणी होती. तिनं खाट टाकली, पाणी दिलं, आणि ओळखलंही.

"तुमी रॉकेटवाल्या मॅडम ना? बसा जी. यायनं तुमच्या रॉकेटपायी आमच्या पंपाचं वायसर काढून नेलं. भर फवारनीत दोन दिवस पंप बंद! लय बोलली मी त्यायले." ती हसली. "पन मंग तुमचा पैला नंबर आला म्हनलं, तं मले बी बरं वाटलं. पुढं भंडाऱ्याले का झालं? हे त सांगतच नाई काही."

कुसुमताईंच्या लक्षात आलं, घरी काहीच माहीत नाही. त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण बोलणं त्या घरून पाठ करूनच आल्या होत्या. गोमाजी पंप उतरवून अंगणात आला, पाय धुवायला लागला, आणि त्या उभ्या राहून बोलू लागल्या. लाखनीला काय म्हटलं ते, रॉकेलनं पुसलं ते, भंडाऱ्याला कुणावर ढकललं ते, नोटिशीच्या दिवशी मान खाली घातली ते. बोलता बोलता रडल्या. "मला माफ करा गोमाजी. तुमच्यावरची नोटीस माझ्यामुळे आली."

"नोटीस?" रुखमिणी नवऱ्याकडे वळली. "तुमाले नोटीस देल्ली? भर शाळेत सप्पाइसमोर? आन मले सांगतलं नाई?"

गोमाजी हातातला तांब्या तसाच धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर कुसुमताईंनी तो राग पहिल्यांदा पाहिला.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "हे घरी काहून आनलं?"

"मला सांगायचं होतं..."

"मले काय सांगता? मले सप्पा मालूम होतं. वास आला होता मले. हिले मी सांगतलं नाई, कारन माह्या घरी माही इज्जत हाय. तेवढी एक जागा होती. तिथं बी आनून टाकलं तुमी." तो थांबला. पाय पुसले. "मले वाटलं होतं तुमी सांगान. त्याच दिवशी सांगान. मंग वाटलं दुसऱ्या दिवशी. मी वाट पाहून राहिलो होतो जी. दोन महिने झाले. सांगाचंच होतं त तिथं सांगाचं, जिथं म्हनलं होतं."

रुखमिणीनं चहा ठेवला होता. तो कुणी घेतला नाही. पाळीवरून परत जाताना कुसुमताईंना वाटत होतं, की आपण येताना जेवढ्या लहान होतो त्याहून लहान होऊन चाललो आहोत. माफी मागायलाही त्या स्वतःसाठीच आल्या होत्या.

सोमवारी त्यांनी रहांगडाले सरांना सगळं सांगितलं. सरांनी आधी दार लावून घेतलं. "मॅडम, झालं गेलं. आता हे उकरून काय मिळणार? शाळेचं नाव जाईल, तुमचं जाईल. गोमाजीनं कबूल केलंय, विषय संपला."

"त्यानं न केलेलं कबूल केलंय सर."

"मी तोंडी सांगतो त्याला, की मनावर घेऊ नको."

"नोटीस तोंडी दिली नव्हती," कुसुमताई म्हणाल्या.

मंगळवारी परिपाठाला, राष्ट्रगीत झाल्यावर, त्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. हातात कागद होता, पण तो त्यांनी वाचला नाही. त्यांनी मुलांना सांगितलं, की रॉकेट सोडायचं यंत्र गोमाजींनी बनवलं, मी नाही. भंडाऱ्याला ते माझ्या चुकीनं बिघडलं आणि मी त्यांच्यावर आळ घेतला. विज्ञानात आपण जे पाहिलं तेच लिहितो. मी न केलेलं लिहिलं. पाचवीतल्या एका मुलीनं शेजारणीला विचारलं, "आळ म्हणजे काय गं?" आणि ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. गोमाजी घंटेजवळ उभा होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग त्यानं घंटा दिली आणि मुलं वर्गात गेली.

तालुक्याचं प्रमाणपत्र त्यांनी पत्रासोबत परत पाठवलं. भंडाऱ्यालाही तसंच लिहिलं, आणि धरणवाल्या मुलीच्या शाळेला वेगळं पत्र टाकलं. तिकडून उत्तर आलं नाही. नोटीस रद्द झाल्याचा कागद मिळायला जून उजाडला, तोही कुसुमताई दर आठवड्याला सरांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहायच्या म्हणून. तो त्यांनी गोमाजीला नेऊन दिला. त्यानं घडी केली, खिशात घातला, "बरं" म्हणाला.

स्टाफरूममध्ये त्यांच्याशी बोलणं कमी झालं. काही जणांना वाटे, शिपायासाठी शाळेची अब्रू घालवली. काही जण म्हणत, आधीच खरं बोलल्या असत्या तर. दुसरं बरोबर होतं.

पुढच्या पावसाळ्यात प्रयोगशाळा परिचर आणि शिपायांसाठीही प्रदर्शनात विभाग असल्याचं कळलं. कुसुमताईंनी गोमाजीला विचारलं. "नाई जी," तो म्हणाला. "लोकायसमोर बोलनं माह्याच्यानं होत नाई." त्या जायला वळल्या तेव्हा तो म्हणाला, "पन तुमाले शिकाचं असन त शनिवारी या."

त्या शनिवारी सायकलस्टँडच्या सावलीत गोणपाटावर बसून बावन्न वर्षांच्या कुसुमताईंनी पाइप कापायला घेतला. गोमाजी मास्तर म्हणून कडक होता. पट्टी वाकडी बसली की न बोलता सगळं सोडवून टाकायचा. व्हॉल बसवताना त्यांचं बोट कापलं तर म्हणाला, "बोट पुसा, पयले व्हॉल पाहा, हवा जाऊन राहिली." सहा शनिवार लागले. सातव्या शनिवारी बाटली उडाली, त्याच्या यंत्राइतकी उंच नाही, पण उडाली. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "जमते." त्यानंतर आठवीच्या प्रत्येक वर्गाला ते यंत्र गोमाजीनं शिकवलं आणि कुसुमताईंनी दाबाचा धडा. तो त्यांच्याशी पूर्वीसारखा मोकळा मात्र झाला नाही. त्याला तसं व्हायचं नव्हतं, आणि तो त्याचा हक्क होता.

२०१९ला कुसुमताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला एक नवे शिक्षक बोलायला उभे राहिले. त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. "निपाने मॅडमनं टाकाऊ बाटल्यांतून रॉकेट बनवलं, तालुक्यात पहिला नंबर आणला," ते म्हणाले. कुसुमताई उत्तराला उठल्या. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, रॉकेट कुणाचं होतं, आणि आपण काय केलं होतं. या वेळी हातात कागदही नव्हता. सांगून झाल्यावर सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. बाजूला बसलेले पाहुणे म्हणाले, "केवढा मोठेपणा! आपलं श्रेय शिपायाला देता."

"मोठेपणा नाही हो," त्या म्हणाल्या. "खरंच तसं झालं होतं."

पाहुणे आणखीच कौतुकानं हसले. टाळ्या थांबेनात. कुसुमताईंची मान खाली गेली. मागच्या रांगेत गोमाजी, आता त्याचीही निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, टाळ्या न वाजवता भिंतीला टेकून उभा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. हे लोक ऐकतच नाहीत, मी काय करू, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर असावं. त्यानं खांदे जरासे उडवले, आणि पोह्यांच्या प्लेटा वाटायला आत गेला.

शहापूरला परतताना त्यांनी शाल आणि नारळ बसच्या सीटवर ठेवला. शेजारच्या बाईनं विचारलं, "सत्कार झाला काय जी?" कुसुमताई म्हणाल्या, "हो," आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या.